उद्यमबागेतून जर्मनीत: कागदं कुठं अडतात, आधी काय करायचं

बेळगावची उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत, खानापूर, निपाणी या भागातून जर्मनीत नोकरीला येणाऱ्यांचं घोडं सहसा जर्मनीत अडत नाही, ते आपल्याच कपाटातल्या फाइलीत अडतं. कंपनीनं इंटरव्ह्यू घेतलेला असतो, करार पाठवलेला असतो, रुजू व्हायची तारीखही ठरलेली असते. आणि तेव्हा कळतं की एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर नाव एक, पासपोर्टवर दुसरं आणि लग्नाची तर नोंदणीच केलेली नाही. म्हणून नोकरी शोधायला लागायच्या आधी फाइल उघडायची.

पहिली तपासणी नावाची. आपल्याकडच्या जुन्या मार्क्सकार्डांवर वडिलांच्या नावाच्या जागी नुसतं आद्याक्षर असतं. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, कधी गायबच. पासपोर्टच्या अर्जात नावाचे दोन रकाने असतात, एक स्वतःच्या नावाचा आणि एक आडनावाचा. अर्ज भरून देणारा सायबरवाला पुष्कळदा सगळं नाव पहिल्या रकान्यात कोंबतो आणि दुसरा रिकामा सोडतो. भारतात त्यानं काही बिघडत नाही. जर्मनीत आडनावाशिवाय कुठलाच फॉर्म पुढं सरकत नाही. मग अख्खं नाव आडनाव म्हणून चढतं, आणि विम्याचं कार्ड एका नावानं, पगारपत्रक दुसऱ्या नावानं असा घोळ वर्षभर पुरतो. हे दुरुस्त करायचं तर पासपोर्ट नव्यानं काढावा लागतो. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. बेळगावच्या हेड पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, तिथं तारीख लांबची मिळत असेल तर हुबळीचं केंद्र बघायचं. दोन्हींकडची फाइल शेवटी बेंगळुरूच्याच पासपोर्ट ऑफिसात जाते. पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या सध्याच्या पत्त्यावर होते, म्हणून घर बदललं असेल तर आधी आधार दुरुस्त करा.

लग्न झालेल्या बायकांच्या बाबतीत आपली रीत अडचणीची ठरते. मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि तो उपनिबंधक कचेरीतलाच लागतो. लग्नपत्रिका आणि मंगल कार्यालयाची पावती तिथं उपयोगाची नाही. पहिलं नावच बदललेलं असेल तर नुसत्या विवाह दाखल्यानं भागेलच असं नाही, मग राजपत्रातल्या नावबदलाचं बघावं लागतं.

गावाच्या नावाचा मात्र बाऊ करू नका. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या कागदावर एक स्पेलिंग, नव्यावर दुसरं. एवढ्यासाठी पासपोर्ट बदलायची गरज नाही. पासपोर्टवर जन्मस्थळाचं जे स्पेलिंग आहे तेच पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये अक्षरशः तसंच लिहायचं, एवढं पुरतं. जन्मदाखला जुना आणि नुसता कन्नडमध्ये असेल तर तो नव्यानं काढून घ्या, कारण आता कर्नाटकात संगणकावरून मिळणारा दाखला कन्नड आणि इंग्रजी दोन्हींत असतो. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. तो भरून घ्यायचं काम ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत करता येतं, पण ‘आज या, उद्या या’ला वेळ धरून चाला.

सीमाभागाची खरी गुंतागुंत दोन राज्यांची आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडकडची मुलं शिकायला आणि कामाला बेळगावात, कर्नाटकातल्या निपाणीकडची कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. जर्मन वकिलातीची हद्द राहत्या पत्त्यावर ठरते. कर्नाटकात राहणाऱ्याचा अर्ज बेंगळुरूला, महाराष्ट्रात राहणाऱ्याचा मुंबईला. पदवी कुठली याच्याशी तिला देणंघेणं नाही. ज्याचा पासपोर्ट चंदगडच्या पत्त्याचा आहे आणि जो बेळगावच्या शहापुरात भाड्यानं राहतो, त्यानं बेंगळुरू धरायचं असेल तर नोंदलेला भाडेकरार आणि कंपनीचं पत्र हाताशी ठेवावं. हेस्कॉमचं वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं, त्यावर विसंबू नये. दुबई, कतारला जाणाऱ्यांना याच्या उलट नियम लागतो. तिथं पदवीवर आधी शिक्के लागतात आणि ते पदवी ज्या राज्यातली त्या राज्याकडूनच घ्यावे लागतात. पदवी कोल्हापूरची असेल तर राहणं बेळगावात असूनही महाराष्ट्रातून. जर्मनीच्या नोकरीच्या व्हिसासाठी पदवीवर अपोस्टिल (परराष्ट्र खात्याचा साक्षांकनाचा शिक्का) मागत नाहीत. तरी एजंट ते करायला लावतात आणि पैसे घेतात.

आता पदवी. जर्मन सरकारची आनाबिन नावाची खुली यादी आहे. तिच्यात दोन गोष्टी बघायच्या: विद्यापीठाचा दर्जा ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का, आणि तुमची पदवी त्याच नावानं, तेवढ्याच वर्षांची म्हणून तिथं आहे का. दोन्ही जुळले की त्या पानांची प्रिंट काढून अर्जाला जोडायची. इथं एक चूक फार होते. लोक कॉलेजचं नाव शोधतात आणि सापडलं नाही म्हणून घाबरतात. शोधायचं असतं ते पदवी देणारं विद्यापीठ. १९९८ नंतरच्या बहुतेक इंजिनिअरांचं ते व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. त्याआधीच्या तुकड्यांना धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ बघावं लागतं. पदवी यादीत नसेल, किंवा आहे पण नेमकी जुळत नाही, तर बॉनच्या झेडएबी या कचेरीकडून तुलनापत्र मागवायचं. त्याची फी २०८ युरो. व्हीटीयूच्या कागदांसाठी अख्ख्या कर्नाटकातून लोक बसनं मच्छेला येतात, आपल्याला ते दारात आहे. तरी प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) प्रमाणपत्रावर दहा दहा वर्षं काढणारे आपल्यातच जास्त. पदवीदान समारंभानंतरचं मूळ प्रमाणपत्र आणि सगळ्या सेमिस्टरांची मार्क्सकार्डं आधीच गोळा करून ठेवा.

डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांचा रस्ता वेगळा. त्यांना ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांचा नोकरी-वास्तव्याचा परवाना, बहुधा मिळत नाही. एक मार्ग म्हणजे शिक्षणाची जर्मन व्यवसाय शिक्षणाशी तुलना करून घेणं. कारखान्यातल्या बहुतेक कामांसाठी ते न्यूरेनबर्गची आयएचके फोसा ही संस्था करते. दुसरा मार्ग १ मार्च २०२४ पासून खुला झाला: भारतात सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं शिक्षण, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव, आणि करारात ठरावीक पगार. २०२५ साठी तो वर्षाला ४३,४७० युरो होता.

या दुसऱ्या रस्त्यावर सगळी भिस्त अनुभवाच्या पत्रावर आहे, आणि उद्यमबाग, होनग्याकडच्या लहान युनिटांतलं अनुभवपत्र म्हणजे बहुतेक दोन ओळी: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे काम केलं, वागणूक चांगली. जर्मन कंपनीला किंवा कचेरीला त्यातून काहीच कळत नाही. पत्र लेटरहेडवर हवं, हुद्दा आणि तारखा हव्यात, आणि काम नेमकं लिहिलेलं हवं. मशीन कुठलं, व्हीएमसी (उभं मशीनिंग सेंटर) की टर्निंग सेंटर. मशीनचा कंट्रोल फॅनुक कंपनीचा की सीमेन्सचा. नुसतं जॉब चढवणं-उतरवणं की सेटिंग आणि प्रोग्रॅमिंगही. कास्टिंग कुठल्या धातूचं. मोजमाप मायक्रोमीटरनं की सीएमएम या मोजणी यंत्रावर. टॉलरन्स किती मायक्रॉनचा. मालकाला हे लिहायला वेळ नसतो. म्हणून मजकूर आपण तयार करून न्यायचा, त्यांनी वाचून सही-शिक्का मारायचा. जोडीला पीएफचं पासबुक आणि पगाराची बँक एंट्री. पगार रोखीत घेतलेला आणि पीएफ कधी कापलेलाच नाही, तर ती वर्षं कागदावर झालीच नाहीत असं समजून चाला. ज्यांना दोन-तीन वर्षांत बाहेर पडायचं आहे त्यांनी पगार आजपासून खात्यात मागावा.

पदवीधरांसाठी ब्लू कार्ड सगळ्यात सोयीचं, कारण जर्मन भाषेची अट नाही. पगाराची मात्र आहे. सर्वसाधारण मर्यादा २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७००. इंजिनिअरिंग, आयटी अशा तुटवड्याच्या कामांना आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्यांना मर्यादा कमी: २०२५ मध्ये ४३,७५९.८०, तर २०२६ मध्ये ४५,९३४.२०. आकडा दर जानेवारीत वर जातो आणि इथंच गाडी घसरते. ऑक्टोबरात करार होतो, पगार त्या वर्षीच्या मर्यादेला टेकलेला असतो, अर्ज जानेवारीत जातो आणि आता पगार मर्यादेखाली. कंपनीला दुरुस्त करार पाठवावा लागतो, महिना जातो. सही करतानाच आकडा मर्यादेच्या दोन-तीन हजार वर ठेवायला सांगा. कंपनीसाठी ती किरकोळ बाब असते. आणखी एक, कमी मर्यादेवर गेलात तर तिथल्या रोजगार कचेरीची संमती लागते, वरच्या मर्यादेला लागत नाही.

कंपनी मदतीला तयार असेल तर जलद प्रक्रियेबद्दल विचारा. तिकडच्या परदेशी नागरिक कचेरीत कंपनीच अर्ज करते आणि ४११ युरो फी भरते. तिथली पूर्वसंमती आली की वकिलातीनं तीन आठवड्यांच्या आत तारीख द्यायची असते, आणि पूर्ण अर्ज गेल्यावर निर्णयही साधारण तेवढ्यातच होतो. व्हिसाची फी ७५ युरो, रुपयांत भरायची. कागदांत करार, कंपनीनं भरून दिलेला नोकरीच्या तपशिलाचा फॉर्म, पदवी, आनाबिनची प्रिंट, बायोडाटा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, आणि पोचल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंतचा प्रवासी आरोग्य विमा. हा विमा लोक विसरतात, कारण ‘कंपनी विमा देतेच की’ असं वाटतं. कंपनीचा विमा कामाच्या पहिल्या दिवसापासून असतो, त्याआधीचे चार दिवस उघडे राहतात. बोटांच्या ठशांसाठी बेंगळुरूला स्वतः जावंच लागतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत पोचता येतं, पण सकाळी अकराच्या आतली वेळ घेऊ नका. गाडीचा आणि बेंगळुरूच्या ट्रॅफिकचा भरवसा कोणी द्यायचा?

जर्मनीतली नोकरी देतो म्हणून कोणी लाखांत पैसे मागत असेल तर पाठ फिरवा. भारतातल्या नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते.

निघण्याआधी घरची कामं असतात, रात्र थोडी सोंगं फार अशी. आयकराचं गणित निघण्याच्या तारखेवर फिरतं. नोकरीसाठी बाहेर जाणारा त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तर निवासी धरला जातो आणि जर्मनीतला पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. रुजू होण्याची तारीख ऑक्टोबरची असेल आणि कंपनी पंधरवडा इकडं-तिकडं करायला तयार असेल, तर हा हिशेब आधी मांडा. बाहेर गेल्यावर बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करावं लागतं. आपल्याकडं निम्मा पैसा पतसंस्थेत नाहीतर भिशीत असतो, आणि पतसंस्थेत अनिवासी खातं उघडता येत नाही. ठेव मुदतीला आली की पैसा बँकेत वळवायची व्यवस्था घरच्यांना सांगून ठेवा. शेतजमीन वारसानं आली तर ती ठेवता येते, अनिवासी झाल्यावर नव्यानं विकत घेता येत नाही. उताऱ्यावर नाव चढवायचं, वाटणीची सही, पीककर्जाचं नूतनीकरण असं काही लोंबकळत असेल तर भावाच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून मगच निघा. तिकडून तेच करायला भारतीय दूतावासाची तारीख, सुट्टी आणि कुरिअर एवढी सगळी यातायात पडते. भारतातलं सिम बंद करू नका, निघायच्या आधी त्यावर रोमिंग चालू करून घ्या. आधार आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट केए-२२ वाल्यांनी बेळगाव आरटीओतून, निपाणी-चिकोडीवाल्यांनी केए-२३ मधून काढावं. त्याची मुदत वर्षाची असते, जर्मनीत राहायला गेल्यावर मात्र गाडी सहाच महिने चालवता येते.

बॅगेत काय भरायचं यावर घरात चर्चा होतेच. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे बेळगावचा कुंदा बॅगेत नको, पेढे नकोत, घरचं तूपही नको. विमानतळावर कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर ते कचऱ्यात जातं, वर दंडही होऊ शकतो. चटण्या आणि कांदालसूण मसाला चालतो. ताजा कढीपत्ता आणि आंबे रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, वाळवलेला कढीपत्ता न्या. औषधं स्वतःपुरती तीन महिन्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही. स्टीलचा, इंडक्शन बुडाचा न्या. वीज दोन्हीकडं २३० व्होल्टच, फक्त आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही.

जर्मनीत पोचल्यावर सगळं एका साखळीत बांधलेलं असतं, आणि साखळीची पहिली कडी घराचा पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कचेरीत नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा राहत असल्याचा फॉर्म लागतो. हॉटेल किंवा बऱ्याच अल्पमुदतीच्या खोल्या तो देत नाहीत. म्हणून पहिल्या महिन्याची जागा ठरवताना भाड्याच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: नोंदणीचा फॉर्म मिळेल का? नोंदणीनंतर कर क्रमांक पोस्टानं येतो, त्याला दोन-चार आठवडे लागतात. तो कंपनीला मिळाला नाही तर पहिला पगार सहाव्या करवर्गात कापला जातो, सगळ्यात जास्त कर. क्रमांक आल्यावर पुढच्या पगारात हिशेब नीट होतो, पण पहिल्या महिन्यात हात आखडता राहतो.

हे टपाल पोचतं की नाही हे एका चिठ्ठीवर ठरतं. जर्मनीत पोस्टमन घरक्रमांकावर थांबत नाही, पेटीवर आडनाव बघतो. मालकाचं किंवा आधीच्या भाडेकरूचं नाव पेटीवर राहिलं तर कर क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा वेगळा येणारा पिन, विम्याचं कार्ड असं सगळं ‘या पत्त्यावर माणूस नाही’ म्हणून परत जातं. किल्ली मिळाल्याच्या दिवशी पासपोर्टवर जसं आहे तसं आडनाव कागदावर लिहून पेटीला आणि घंटेच्या बटणाला चिकटवायचं.

नोंदणीच्या वेळी धर्म विचारतात, त्यात खोच आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकरावर राज्यानुसार ८ किंवा ९ टक्के चर्च कर लागतो. खानापूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना हे आधी माहीत असलेलं बरं. हिंदू किंवा मुसलमान असाल तर हा कर नाही.

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळे. अनामत कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी. भाडं ८०० असेल तर अनामत २,४०० पर्यंत, वर पहिल्या महिन्याचं हजारभर. पगार महिन्याअखेरीस येतो, म्हणून साडेचार ते पाच हजार युरोंची तरतूद भारतातूनच करून न्यावी. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर. घर न बघता पैसे मागणारा, ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो’ म्हणणारा मालक लबाड समजावा.

पहिलं पगारपत्रक बघून बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. वर्षाला ५०,००० युरो पगार असलेल्या एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण २,६०० ते २,७०० पडतात. पेन्शनचे १८.६ टक्के आणि आरोग्य विम्याचे १४.६ अधिक विमा संस्थेचा जादा हप्ता, हे दोन्ही कंपनी आणि तुम्ही निम्मे निम्मे भरता. बायको भारतात असेल तोवर करवर्ग पहिला, ती आल्यावर बदलता येतो. नोकरी न करणारी बायको आणि मुलं सरकारी विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात, आणि हे लक्षात घेतलं तर कापलेला पैसा तेवढा बोचत नाही. नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येतं, घरटी महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी भरावं लागतं. जाहिरात समजून ते फेकून देणाऱ्यांना पुढं थकबाकीचं पत्र येतं.

करारात बहुधा सहा महिन्यांचा प्रोबेशन असतो, त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस पुरते. या सहा महिन्यांत गाडीचं कर्ज, मोठं घर असलं काही अंगावर घेऊ नये. भारतीय लायसन्सवर गाडीही सहाच महिने चालवता येते, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. चौथ्या महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं तर वेळ साधतो, थंडीत तारखा मिळत नाहीत.

बायकोच्या व्हिसासाठी ब्लू कार्डवाल्याला तिच्या जर्मन भाषेचं प्रमाणपत्र द्यावं लागत नाही आणि तिला आल्यापासून नोकरी करता येते. डिप्लोमाच्या रस्त्यानं आलेल्यांच्या बायकांना भाषेची ही सवलत सरसकट मिळत नाही, तिथं जर्मनच्या ए१ या सुरुवातीच्या पातळीची तयारी बेळगावात असतानाच सुरू करावी. कायमच्या वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी मागता येतो, जर्मनची बी१ ही मधली पातळी पास असेल तर २१ महिन्यांनी, आणि तेवढे महिने पेन्शनचा हप्ता भरलेला हवा. मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यानं बी१ नंतर बघू म्हणून टाळू नये. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण शॉप फ्लोअरवर ड्रॉइंगवरची टीप आणि शिफ्ट बदलतानाचं बोलणं जर्मनमध्येच होतं. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, म्हणून क्लास अर्धा झाला की तारीख नोंदवून टाकायची.